चंदगडला बसवलेला कप्तान

वडिलांनी मला कॅफेच्या काउंटरवर बसू दिलं ते एका अटीवर. "एक जरी भांडण झालं, तर दुसऱ्या दिवसापासनं तू घरात. मग तुझा चुलतभाऊ बसंल तिथं." हे त्यांनी जेवताना, ताटाकडे बघत सांगितलं. आई, कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी, "मी सांगतो तिला," म्हणाली आणि मला डोळ्यांनीच खुणावलं की हो म्हणून टाक. मी हो म्हटलं.

ती खुर्ची मला का हवी होती हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मी दहा वर्षं मागच्या बाकावर काढली, कॉलेजातही तेच. चार माणसांत बसलं की आपण काहीतरी बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. काउंटरवर तसं नव्हतं. तिथं माणसांच्या मधोमध बसता यायचं आणि तोंड उघडावं लागायचं नाही. कुणी आलं की मी मशीनचा नंबर बोटांनी दाखवायची. पोरं मला मागून 'म्यूट मॅडम' म्हणायची, ते मला माहीत होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

दोन हजार चार-पाचच्या आसपासची गोष्ट. आमच्या पेठेत आधी वडिलांचं एसटीडी बूथ आणि झेरॉक्सचं दुकान होतं, मग त्याचाच नेट कॅफे झाला. मेल बघायला येणारे थोडे, बंदुकांचा गेम खेळायला येणारे फार. सगळी मशीन एकमेकांना तारेनं जोडलेली, त्यामुळं आठ-दहा जण एकाच खेळात शिरून एकमेकांवर गोळ्या झाडायचे. एकदा मेलं की तो डाव संपेपर्यंत बघत बसायचं, असा त्या गेमचा नियम.

भांडणं तिथूनच सुरू व्हायची. कॉलेजची पोरं वर्षभर खेळून तयार झालेली. नवीन कुणी आला की गेममधलं पहिलं दार उघडायच्या आत मरायचा आणि उरलेला वेळ दुसऱ्यांचा खेळ बघत पैसे मोजायचा. वर टोमणे. "आला काय, गेला काय, कळलंच न्हाय की!" एका दुपारी अशाच एका टोमण्यावरून कॉलर धरली गेली. वडील तेव्हा नव्हते, हे माझं नशीब. त्या दिवशी घरी जाताना मला काळजी होती ती त्या कॉलरीची नव्हे, खुर्चीची.

काउंटरच्या मशीनवर एकाच वेळी तीन सर्व्हर चालवता येतात हे मी स्वतःच शोधून काढलं. सर्व्हर म्हणजे मैदान समजा. जो ज्या मैदानात शिरेल तो तिथल्याच लोकांशी खेळणार. एक नवशिक्यांसाठी, एक मधल्यांसाठी, एक तयार झालेल्यांसाठी. सुरुवातीला मी त्यांना रंगांची नावं दिली. निळा, हिरवा, भगवा. शाळेत आमचे हाऊस असायचे तसे. संध्याकाळपर्यंत गोंधळ झाला, कारण आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाची जर्सी निळी, आणि हिरवी जर्सी नदीकडच्या पेठेची. हिरव्या सर्व्हरमध्ये बसायला एकही माणूस तयार होईना. "मी मरंन पण हिरव्यात बसणार न्हाय," असं एकजण गेममध्ये मरायच्या आधीच म्हणाला.

'नवशिके' असं लिहिलं असतं तर त्यात कुणी शिरलंच नसतं. मग मला आईच्या माहेराची एसटी आठवली. आईचं माहेर नेसरी. लहानपणी सुट्टीत जाताना मी खिडकीतून पाट्या वाचायची. जवळचं गाव, लांबचं गाव, सगळ्यात शेवटी चंदगड. मी सर्व्हरना नावं दिली. सोपा तो गडमुडशिंगी, कोल्हापूरच्या अगदी शेजारचं म्हणून. मधला नेसरी. अवघड तो चंदगड. या गावांची कुणाला जर्सी नव्हती.

हे चाललं. पोरांनी ते लगेच उचललं. "अजून गडमुडशिंगीतच हाईस व्हय रं?" "उद्या नेसरी गाठतो बग." "चंदगडला गेलतो काल, लै पाऊस पडला गोळ्यांचा." कोण कुठं बसणार हे मी ठरवायची. रोज संध्याकाळी गेम बंद होताना पडद्यावर स्कोअर यायचा, कुणी किती मारले आणि कोण कितीदा मेला. तो मी बघून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी माणूस आला की त्याला त्याचं गाव सांगायची. एखादा कुरकुरायचा, पण मी नुसतं पडद्याकडे बोट करायची. आकड्याशी कोण भांडणार? बरेच महिने कॅफेत भांडण झालं नाही. वडील येऊन शटरपाशी उभे राहायचे, आत बघायचे, आणि काही न बोलता जायचे. त्या दिवसापुरती खुर्ची माझी राहायची.

कप्तान यायला लागला तो त्याच दिवसांत. आमच्या पेठेच्या संघाचा हा जुना कप्तान. तिशी ओलांडलेला, गुडघा गेल्यामुळं मैदान सुटलेला, आता दुधाचा धंदा. पण पेठेत त्याला अजून सगळे कप्तानच म्हणायचे, आणि तो रस्त्यानं गेला की कट्ट्यावरची पोरं सिगारेट मागं लपवायची. तो आला की खुर्ची पुसून दिली जायची. खेळ त्याला जमतोय असं मला वाटलं. तो मारायचा कमी, पण मरायचा नाहीच. डाव संपायचा तेव्हा तो उभा असायचाच. मी मनाशी म्हटलं, हा जपून खेळतो. मीही तशीच जपून वागणारी, त्यामुळं मला त्याचं कौतुक वाटलं. महिन्याभरात मी त्याला गडमुडशिंगीतून नेसरीला आणि नेसरीतून चंदगडला बसवलं.

मग नदीकडच्या पेठेतून निरोप आला की आमच्या पाचांशी तुमचे पाच, रविवारी दुपारी, तुमच्याच कॅफेत. पोरांनी माझ्या काउंटरला गराडा घातला. "मॅडम, तुम्हीच टीम काढा. तुम्ही काढलासा की कोन बोलनार न्हाय." मी चंदगडचा स्कोअर बघितला, वरचे पाच काढले आणि फळ्यावर लिहिले. तिसरं नाव कप्तानचं होतं. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मला तेव्हा ते शांत बसणं संमतीसारखं वाटलं.

त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ. सर्व्हर अडकत होता का हे बघायला मी काउंटरच्या मशीनवरूनच चंदगडमध्ये शिरले. मी अशी अधूनमधून खेळायची, कुणाला न सांगता. नाव टाइप केलं नाही की गेम आपोआप 'प्लेअर' असं नाव देतो, त्या नावानं. एका कोपऱ्यावर कप्तान समोर आला. त्याला मी दिसले होते, पण तो बंदूक वर न करता सरळ चालत राहिला. मी गोळी झाडली. तो पडला.

सगळ्यांच्या माऊसचा आवाज थांबला.

"कोण हाय रं ह्यो प्लेअर?"

"कप्तानला मारलं कुणी? डोळं फुटलं काय?"

"ए, उभा ऱ्हा बग, कोण हाय त्यो."

पोरं उठून एकमेकांचे पडदे बघायला लागली. मी गेम बंद केला आणि बिलाचं पान उघडलं. चेहरा तसाच ठेवायची सवय मला शाळेपासून आहे, ती त्या दिवशी कामी आली. कप्तान आपल्या खुर्चीत तसाच बसला होता. तो कुणाकडेच बघत नव्हता. आणि मला तेव्हा, त्या एका मिनिटात, सगळं लख्ख कळलं. तो मरत नव्हता कारण त्याला कुणी मारत नव्हतं. पोरं त्याला बघून बंदूक खाली करायची. समोरच्या टीममध्ये बसली तरी करायची. माझ्या आकड्यांत ते कुठंच दिसत नव्हतं, आणि दर संध्याकाळी ते घडत असताना मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली होते.

आता तो रविवारी नदीकडच्या पेठेसमोर बसणार होता. ते त्याला दार उघडायच्या आत मारणार होते. आमची पोरं ते सहन करणार नव्हती. आणि फळ्यावरून त्याचं नाव पुसणं म्हणजे रविवारची वाट न बघता त्याच क्षणी भांडण. मी फडकं हातात घेऊन दोनदा फळ्यापाशी गेले आणि दोनदा परत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हात पेठ झोपलेली असताना, कप्तान एकटा आला. माझ्यासमोर उभा राहिला.

"काल मारलंस ते तूच नव्हं?"

मी नाही म्हणणार होते. पण तोच पुढं म्हणाला, "बाळ, लाजू नगंस. तुझ्या मशीनवर उजेड हलत हुता. मी गोलकीपर माणूस, मला कडंचं दिसतंय."

मी मान हलवली.

"पयल्यांदाच मेलो," तो म्हणाला. मग थोडं हसला. "लै बरं वाटलं बग. म्हटलं, एकजण तरी खेळतंय माझ्यासंगं."

म्हणजे त्याला माहीत होतं. पोरांना मारा म्हणून सांगायचं कसं, हे त्याला सुचत नव्हतं. तो म्हणाला, "सांगितलं तर मुद्दाम नेम चुकवतील, आणि लागलाच तर सॉरी म्हनतील." आणि मग त्याच दमात, "रविवारी माझी शोभा हुनार. मला शिकीव जरा."

मी शटर पूर्ण वर सरकवलं. आमच्या पेठेत दुपारच्या वेळी एक मुलगी आणि एक बाप्या अर्ध्या शटरमागे दिसले तर कॅफेच बंद करावा लागला असता. त्यालाही ते न सांगता कळलं. तो आपण होऊन दारालगतच्या मशीनवर बसला, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असा, आणि मी माझ्या काउंटरवर. मधे सगळा कॅफे. गडमुडशिंगीला मी पासवर्ड टाकला आणि आम्ही दोघेच त्यात शिरलो. मी त्याला मारत राहिले. तो दर वेळी हातानं मांडीवर थाप मारायचा आणि मान हलवून म्हणायचा, "परत."

रस्त्यावरून जाणाऱ्या एकानं डोकावून विचारलं, "काय कप्तान, मेल बघालाय काय?"

"व्हय. दुबईच्या पावण्याचा आलाय."

"एवढा घाम फुटलाय?"

"पैसं मागालाय त्यो."

त्या आठवड्यात तो रोज दुपारी आला. भिंतीला धरून राहायचं, कोपरा आला की आधी थांबायचं, धावताना गोळी झाडायची नाही. हे मी सगळं त्याला एकेका शब्दात सांगायची. "थांबा." "डावीकडे." "नको." त्याला पुरायचं. शनिवारपर्यंत तो नेसरीत चालला असता, एवढंच. चंदगड लांब होतं.

रविवारी कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. नदीकडचे पाच जण ओळीनं बसले, त्यांच्यामागं त्यांची पोरं उभी, आमच्यामागं आमची. त्यांच्यात एक चष्मेवाला होता, इंजिनिअरिंगचा असावा, तो येताना आपला माऊस पिशवीत घेऊन आला होता. वडील येणार असं सकाळी म्हणाले होते. मी दाराकडे आणि पडद्याकडे आलटून पालटून बघत होते.

पहिला डाव सुरू झाला. कप्तान भिंतीला धरून निघाला, कोपऱ्याआधी थांबला, मी सांगितलं होतं तसा, आणि चष्मेवाल्यानं त्याला पलीकडून एका गोळीत पाडलं.

"कप्तान, गोल झाला की!" नदीकडचं कुणीतरी ओरडलं.

"तोंड सांभाळ ए!"

"काय सांभाळ? गेम हाय."

"तुमी कप्तान म्हनायचं न्हाय. दादा म्हनायचं."

दुसऱ्या डावात कप्तान पुन्हा मेला. तिसऱ्यातही. चौथ्यात त्यानं एकाला मारलं, आणि आमची पोरं एवढी ओरडली की त्या आवाजात तो स्वतः कधी मेला ते कुणाला ऐकू आलं नाही. आम्ही हरलो. नुसते हरलो असतो तर ठीक होतं, पण आमच्यातल्या एका धिप्पाड पोरानं हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"चोरी हाय. त्या चष्म्याला भिंतीपल्याडचं दिसतंय. कायतरी घातलंय मशीनमधे."

"चष्मा हाय म्हून दिसतंय. तू बी घाल एक."

एक खुर्ची मागं पडली. दाराजवळचा एकजण शटरकडे वळला आणि त्यानं हुकाला हात घातला. आमच्याकडं आतून शटर ओढलं की त्याचा अर्थ एकच असतो, मारामारी. त्याच वेळी मला दारापलीकडं वडील दिसले. ते स्कूटरची किल्ली हातात घेऊन बाहेर थांबले होते.

"थांबा," कप्तान म्हणाला. तो अजून बसूनच होता. "मशीन हिची, सर्व्हर हिचा. चोरी हाय का न्हाय, ती सांगंल."

सगळे माझ्याकडे वळले. त्या खोलीत मी आजवर एक पूर्ण वाक्य बोलले नव्हते.

"चोरी नाही," मी म्हटलं. आवाज फार लहान आला. परत म्हटलं, "चोरी नाही. सकाळी मी सगळी मशीन बघितलीत."

"मग कप्तान मरतोय कसा?" धिप्पाड पोरगा माझ्या काउंटरवर वाकून म्हणाला. "महिना झाला बघालोय. आमच्यात कवा मरत न्हाय. आजच कसा मरतोय, सांगा की मॅडम."

त्याच्या चेहऱ्यावर खरंच प्रश्न होता. याचं उत्तर एकच होतं, आणि ते त्या खोलीतल्या आमच्या प्रत्येक पोराला माहीत होतं, त्यालासुद्धा. मी कप्तानकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून किंचित मान हलवली, आपल्या खेळाडूला पुढं जा म्हणताना गोलकीपर हलवत असेल तशी.

"कारण तुम्ही कुणी त्यांना मारत नाही," मी म्हटलं.

शटरच्या हुकावरचा हात तसाच होता. धिप्पाड पोरगा लाल झाला. त्यानं कप्तानकडे बघायचं टाळलं आणि नेमकं त्यामुळंच सगळ्यांना कळलं.

कप्तान खुर्चीतून उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "ऐकलासा?" तो म्हणाला. "लेकानू, चंदगडपतोर मला खांद्यावरनं आणलासा. मला वाटलं मीच चाललोय."

हसावं की नाही हे कुणाला कळत नव्हतं. तेव्हा पलीकडून तो चष्मेवाला, माऊसची तार गुंडाळता गुंडाळता, जरा ओशाळून म्हणाला, "आमच्यात आमचं आण्णा हायत. त्यास्नीबी आमी मारत न्हाय."

"म्हून तर त्यास्नी आज आणलं न्हाय," त्यांचाच दुसरा म्हणाला.

मग हसू फुटलं, आधी त्यांच्याकडं, मग आमच्याकडं. शटरवरचा हात खाली आला. धिप्पाड पोरानं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली आणि हेडफोन फुटलाय का ते उलटसुलट करून बघायला लागला.

वडील सगळे गेल्यावर आत आले. हेडफोन उचलून बघितला, परत ठेवला. मी कुलपं लावत होते. ते काही विचारतील म्हणून मी वाट बघत होते, मनात उत्तरं जुळवत होते. ते शटरपाशी गेले, अर्धं खाली ओढलं, वर केलं, परत ओढलं.

"लै घट्ट झालंय," ते म्हणाले. "तुला एकटीला ओढायला जड जात असंल. उद्या ऑइल घालतो."

चुलतभावाचं नाव त्यांनी काढलं नाही. पण पुढच्या रविवारपासून ते स्वतः दुपारी येऊन दाराशी पेपर वाचत बसायला लागले. ते पेपर फारसा वाचत नव्हते, हे मला काउंटरवरून दिसायचं. माझी खुर्ची माझी राहिली, फक्त रविवारी तिच्यावर नजर असायची.

सोमवारी मी कप्तानला नेसरी सांगितलं. त्यानं लगेच मान्य केलं. नेसरीत तोवर नवीन शाळकरी पोरं आली होती, त्यांना त्याचं मैदानावरचं नाव ठाऊक नव्हतं, त्यांनी त्याला मनसोक्त मारलं. तो मांडीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "परत." त्याच्या स्वतःच्या पोरांना मात्र जास्त दिवस लागले. ती नेसरीत मुद्दाम उतरायची, त्याच्यासमोर यायची, आणि बोट माऊसवर ठेवून तशीच थांबायची.

एका रविवारी दुपारी त्या धिप्पाड पोराकडून गोळी सुटली. कप्तान पडला. पोरगा ताडकन खुर्चीतून उठून उभा राहिला, दोन्ही हात बाजूला, शाळेत सर आल्यावर उभं राहावं तसा. सगळे थांबले. मीही बिलावरून मान वर केली. दारात वडिलांचा पेपर खाली आला.

कप्ताननं पडद्यावरून नजर काढली नाही.

"बस की खाली," तो म्हणाला. "डाव चालू हाय."